बलाढ्य राष्ट्राला वेसण कोण घालणार? जर्मनी आणि तिचे छोटे शेजारी

जर्मनीच्या सीमेला नऊ देश लागून आहेत. उत्तरेला डेन्मार्क, पूर्वेला पोलंड आणि झेक प्रजासत्ताक, दक्षिणेला ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड, पश्चिमेला फ्रान्स, लक्झेंबर्ग, बेल्जियम आणि नेदरलँड्स. १८६४ ते १९४५ या काळात स्वित्झर्लंड वगळता यांतल्या प्रत्येक देशाच्या भूमीत प्रशियाचे किंवा जर्मनीचे सैन्य घुसले. डेन्मार्क, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग यांच्यावर तर ही पाळी दोनदा आली. १९४५ नंतर यांपैकी एकाही देशावर जर्मनीने हल्ला केलेला नाही. शेजारी तेच राहिले, भूगोलही जवळपास तोच राहिला, वागणूक मात्र पालटली. बलाढ्य राष्ट्र छोट्या शेजाऱ्यांच्या कारभारात हात घालते तेव्हा काय घडते आणि त्याला आवर कशाने बसतो, हे तपासायला इतका भरघोस पुरावा दुसऱ्या देशात सापडणे कठीण आहे. हा पुरावा सलग वाचला की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. छोट्या देशाचे स्वातंत्र्य बलाढ्याच्या सद्हेतूवर टिकत नाही आणि नुसत्या कागदावरच्या करारावरही टिकत नाही. त्यासाठी तिहेरी बांधणी लागते. निर्णय घेताना बलाढ्याला छोट्याला सोबत बसवावे लागले पाहिजे, अन्याय झाल्यास छोट्याला दाद मागता आली पाहिजे, आणि बलाढ्याच्या स्वतःच्या घरातही त्याला अडवणारे कोणीतरी असले पाहिजे. ही बांधणी जिथे जिथे सैल पडली, तिथे आजच्या लोकशाही जर्मनीचेही पाऊल घसरले आहे.

सुरुवात डेन्मार्कपासून करावी लागते. श्लेस्विग आणि होल्श्टाइन या दोन डची डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होत्या. होल्श्टाइन जर्मनभाषक होते. श्लेस्विगच्या उत्तरेला डॅनिश आणि दक्षिणेला जर्मन बोलणारे लोक होते. १८५२च्या लंडन करारावर प्रशिया आणि ऑस्ट्रियासह बड्या सत्तांनी सह्या करून डॅनिश राज्याची अखंडता मान्य केली होती. नोव्हेंबर १८६३मध्ये डेन्मार्कने श्लेस्विगला आपल्याशी अधिक घट्ट जोडणारी राज्यघटना आणली. तत्पूर्वी दिलेल्या शब्दाशी ती विसंगत होती आणि बिस्मार्कला हवे असलेले निमित्त त्यातून मिळाले. १ फेब्रुवारी १८६४ रोजी प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा श्लेस्विगमध्ये शिरल्या, १८ एप्रिलला ड्युब्बोल येथे डॅनिश तटबंदी पडली आणि ३० ऑक्टोबरच्या व्हिएन्ना तहाने दोन्ही डची डेन्मार्कच्या हातून गेल्या. जर्मनभाषकांचे हक्क हे युद्धाचे सांगितलेले कारण होते. पण जर्मनभाषकांबरोबर उत्तर श्लेस्विगमधले डॅनिशभाषकही परक्या अमलाखाली गेले. प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यातल्या १८६६च्या प्राग तहाच्या पाचव्या कलमात त्यांच्यासाठी सार्वमताचे वचन होते. प्रशियाने ते पाळले नाही आणि १८७८मध्ये ऑस्ट्रियाच्या संमतीने ते कलमच रद्द झाले. तहावर सही करणाऱ्या दोघांनी मिळून ते मोडीत काढले. ज्यांच्यासाठी ते लिहिले होते ते लोक त्या तहात पक्षकारच नव्हते. सार्वमत झाले ते १९२० साली, जर्मनी पहिले महायुद्ध हरल्यावर. तेव्हा उत्तर विभागातल्या सुमारे ७५ टक्के मतदारांनी डेन्मार्कला कौल दिला. दिलेला शब्द वसूल करण्याचा मार्ग छोट्याच्या हाती नसेल, तर त्या शब्दाला काय किंमत उरते हे या अर्ध्या शतकाने दाखवले.

बेल्जियमची कथा याहून कडवट आहे, कारण तिथे हमी अधिक पक्की होती. १८३९च्या लंडन तहाने बेल्जियमला कायमची तटस्थता दिली आणि तिच्या हमीदारांत प्रशियाही होता. २ ऑगस्ट १९१४च्या संध्याकाळी जर्मन राजदूताने ब्रसेल्समध्ये निर्वाणीचा खलिता दिला. फ्रान्स बेल्जियममधून हल्ला करणार असल्याची खबर आहे, म्हणून आत्मरक्षणासाठी आमच्या सैन्याला वाट द्या, असे त्यात म्हटले होते. उत्तरासाठी मुदत होती बारा तासांची. खरे कारण वेगळे होते. फ्रान्सला झटपट हरवण्याची जर्मन लष्कराची योजना बेल्जियम तुडवल्याशिवाय पारच पडत नव्हती. बेल्जियमने नकार दिला आणि ४ ऑगस्टला आक्रमण झाले. त्याच दिवशी चॅन्सेलर बेथमान होल्वेग यांनी राइशस्टागमध्ये उघड कबुली दिली की हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे, हा अन्याय आहे आणि लष्करी उद्दिष्ट साधल्यावर तो भरून काढू. सरकारला अन्यायाची जाणीव होती, संसदेला ती सांगितलीही गेली होती, तरीही त्या संसदेने युद्धाचे कर्ज मंजूर केले. विरोधी समजल्या जाणाऱ्या सोशल डेमोक्रॅट पक्षानेही बाजूने मत दिले. २३ ऑगस्टला दिनां या गावात ६७४ नागरिक मारले गेले, २५ तारखेला लूव्हँ विद्यापीठाचे ग्रंथालय जाळले गेले, आणि त्या काही आठवड्यांत बेल्जियम व उत्तर फ्रान्समध्ये मिळून सहा हजारांवर नागरिकांचे प्राण गेले. आपण चुकतो आहोत हे सत्तेला कळत नव्हते म्हणून हे घडले, असे म्हणायला इथे जागाच नाही. कळत होते, अडवणारे कोणी नव्हते.

युद्धाची गरज म्हणून सुरू झालेला हा हस्तक्षेप किती लवकर कायमच्या वर्चस्वाकडे वळतो, हेही १९१४नेच दाखवले. आक्रमणाला जेमतेम पाच आठवडे झाले असताना, ९ सप्टेंबरला, चॅन्सेलरच्या कार्यालयात युद्धानंतरच्या युरोपचा आराखडा तयार झाला. त्यात बेल्जियम नावापुरते स्वतंत्र आणि प्रत्यक्षात मांडलिक राज्य ठरवले होते, लक्झेंबर्ग जर्मन संघराज्यात घ्यायचे होते आणि शेजाऱ्यांना जर्मनीच्या आर्थिक नेतृत्वाखालील जकातसंघात ओढायचे होते. हंबुर्गचे इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी १९६१मध्ये या आराखड्यावर बोट ठेवले तेव्हा पश्चिम जर्मनीत मोठा वाद पेटला. पूर्वेकडे हा विचार काही महिने प्रत्यक्षात उतरलाही. ९ फेब्रुवारी १९१८ रोजी जर्मनीने युक्रेनच्या राडा सरकारशी तह केला. रशियन बोल्शेविकांपासून संरक्षण द्यायचे आणि बदल्यात धान्य घ्यायचे, असा तो व्यवहार होता. धान्य पुरेसे येईना, तेव्हा २९ एप्रिलला जर्मन लष्कराच्या पाठबळाने ते सरकार उलथले आणि स्कोरोपाद्स्की सत्तेवर आले. जर्मनी हरताच वर्षाअखेर त्यांची सत्ताही कोसळली. संरक्षण मागणाऱ्या छोट्या देशाला आपले सरकारही संरक्षकाच्या मर्जीवर ठेवावे लागते, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. ३१ डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि सोळा वर्षांत पेशवाईच संपली.

हिटलरच्या काळात हीच पद्धत टोकाला गेली. फेब्रुवारी १९३८मध्ये ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर शुशनिग यांना बेर्खटेसगाडेनला बोलावून नाझी समर्थक झाइस-इन्क्वार्ट यांना गृहमंत्री करण्यास भाग पाडले गेले. शुशनिग यांनी १३ मार्चला स्वातंत्र्यावर सार्वमत जाहीर केले, तर ते होण्याआधीच, १२ तारखेला, जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. मग चेकोस्लोव्हाकियातल्या सुमारे तीस लाख जर्मनभाषकांच्या गाऱ्हाण्यांना बर्लिनने हत्यार बनवले. ही गाऱ्हाणी पूर्णपणे बनावट नव्हती. पण त्यांचे नेते हेनलाइन यांना मागण्या वाढवत न्या आणि तडजोड टाळा असे बर्लिनचेच सांगणे होते. म्युनिकमध्ये ब्रिटनसह चार बड्या देशांनी या जर्मनभाषकांचा सुडेटेनलँड हा प्रदेश जर्मनीला देऊन टाकला तेव्हा चेकोस्लोव्हाकियाला त्या मेजावर जागा नव्हती. त्या उन्हाळ्यात प्रागला जाऊन आलेल्या जवाहरलाल नेहरूंनी ब्रिटनच्या या धोरणावर जाहीर टीका केली होती, हे आपल्याकडे पुरेसे आठवले जात नाही. १५ मार्च १९३९च्या पहाटे राष्ट्राध्यक्ष हाखा यांच्याकडून प्रागवर बॉम्बफेकीची धमकी देऊन सही घेतली गेली आणि उरलेल्या चेक भूमीचा ‘संरक्षित प्रदेश’ झाला. आठवडाभरात लिथुआनियाला मेमेल हा प्रदेश जर्मनीला द्यावा लागला. डेन्मार्कशी ३१ मे १९३९ रोजी अनाक्रमणाचा करार झाला होता. ९ एप्रिल १९४० रोजी डेन्मार्क व्यापला गेला. १० मेला तटस्थ नेदरलँड्स, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग यांची पाळी आली. या युद्धात पोलंडने सुमारे साठ लाख नागरिक गमावले. त्यांतले निम्मे ज्यू होते.

बिस्मार्क, कैसर आणि हिटलर यांना एका माळेत ओवणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप इथे घेतला जाईल, आणि त्यात तथ्य आहे. बिस्मार्कने डेन्मार्कचा प्रदेश घेतला, डेन्मार्क हा देश पुसला नाही. नाझींनी माणसांच्या समूहांनाच जगण्याचा हक्क नाकारला. हा फरक प्रमाणाचा नसून प्रकाराचाच आहे, आणि तो धूसर करणे मृतांचा अपमान ठरेल. पण इथे प्रश्न पहिल्या पावलाचा आहे. भाषाबांधवांचे रक्षण, शत्रू आधी येईल ही भीती, शेजाऱ्याची स्वतःची एखादी चूक आणि तात्पुरत्या संरक्षणाचे आश्वासन, यांपैकी कोणते ना कोणते कारण तिन्ही राजवटींना हाताशी सापडले आणि तिन्ही वेळा शेजाऱ्याकडे ते तपासून घेण्याची कोणतीही जागा नव्हती. पहिले पाऊल इतक्या सहजपणे टाकता येते म्हणूनच पुढचे किती भयंकर असेल हे सत्ताधाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहते. कोणत्याही छोट्या देशाने आपले भवितव्य शेजारच्या सत्ताधाऱ्याच्या स्वभावावर सोडावे, असे म्हणता येणार नाही.

१९४५नंतर नवे काय झाले? करार पूर्वीही होते. नवे हे की करारांना रोजचे कामकाज जोडले गेले. १८ एप्रिल १९५१च्या पॅरिस कराराने कोळसा आणि पोलाद, म्हणजे युद्धसामग्रीचा कच्चा माल, सहा देशांच्या सामाईक व्यवस्थेखाली गेला. ही व्यवस्था दोन बड्यांची मक्तेदारी होऊ नये म्हणून नेदरलँड्स आणि बेल्जियमने मंत्रिपरिषदेचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. सोबत न्यायालयही आले, आणि त्याचे ठाणे लक्झेंबर्गमध्ये, दोनदा तुडवल्या गेलेल्या चिमुकल्या देशात, आहे. जर्मनीच्या घरातही लगाम आला. १९४९च्या मूलभूत कायद्याच्या २६व्या कलमाने आक्रमक युद्धाची तयारी घटनाबाह्य आणि दंडनीय ठरवली. १२ जुलै १९९४ रोजी घटना न्यायालयाने सशस्त्र सैन्य परदेशी पाठवण्यास बुंडेस्टागची, म्हणजे संसदेची, मंजुरी लागेल असा निकाल दिला. १८६४चा वाद ज्या अल्पसंख्याकांच्या नावाने पेटला, त्यांचा प्रश्नही मिटला. २९ मार्च १९५५ रोजी बॉन आणि कोपनहेगनने आपापल्या हद्दीतल्या अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी समांतर घोषणा केल्या. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला पाच टक्के मतांची अट लागू नाही, आणि २०२१च्या निवडणुकीत हा पक्ष कित्येक दशकांनंतर पुन्हा बुंडेस्टागमध्ये पोचला. जे लोक एकेकाळी युद्धाचे निमित्त होते, ते आज दोन्ही देशांतला दुवा आहेत.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की जर्मनी संस्थांमुळे सुधारली नाही. ती हरली, दुभंगली आणि परक्या फौजांखाली राहिली म्हणून गप्प बसली. पहिल्या दशकांपुरता हा आक्षेप मान्य करावा लागतो. पण पराभव १९१८मध्येही झाला होता आणि वीस वर्षांत त्याचा सूड घेतला गेला. म्हणून नुसता पराभव हे पुरेसे उत्तर होत नाही. खरी परीक्षा १९९०मध्ये झाली. जर्मनी पुन्हा एक होत होती, सोव्हिएत सत्ता मागे हटत होती. ओडर-नायसे सीमेपलीकडचा प्रदेश १९३७च्या जर्मनीचा सुमारे एक-चतुर्थांश होता आणि तिथून हाकलले गेलेले लक्षावधी जर्मन मतदार होते. चॅन्सेलर कोल यांच्या नोव्हेंबर १९८९च्या दहा कलमी योजनेत या सीमेचा उल्लेखही नव्हता आणि पोलंडमध्ये भीती दाटली होती. पण या वेळी पोलंडला बाहेर ठेवले गेले नाही. जुलै १९९०मध्ये एकीकरणाविषयीच्या पॅरिसच्या वाटाघाटींत सीमेच्या प्रश्नावर पोलंडचे परराष्ट्रमंत्री सहभागी झाले. १२ सप्टेंबरच्या करारात सीमा अंतिम मानली गेली आणि १४ नोव्हेंबरला जर्मनी व पोलंडने स्वतंत्र सीमाकरार केला. म्युनिक आणि पॅरिस यांतला हा फरक संपूर्ण लेखाचे सार म्हणता येईल: ज्याच्या भूमीचा प्रश्न, तो देश खोलीत होता की नव्हता.

बांधणी सैल पडली की काय होते याची उदाहरणेही लगेच मिळू लागली. युगोस्लाव्हिया फुटत असताना युरोपीय समुदायाने स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाला १५ जानेवारी १९९२ रोजी मान्यता देण्याचे ठरवले होते आणि त्याआधी समुदायानेच नेमलेल्या बादँतेर आयोगाचा सल्ला घ्यायचा होता. जर्मनीने वाट न पाहता २३ डिसेंबर १९९१ रोजीच आपला निर्णय जाहीर केला. अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबाबत क्रोएशियाने अजून पुरेशी तजवीज केलेली नाही, असे आयोगाचे मत नंतर आले. त्यानंतर पेटलेल्या बोस्नियाच्या युद्धाचा दोष जर्मनीवर टाकणे चूक ठरेल. ते युद्ध लादणारे बेलग्रेड आणि तिथल्या सशस्त्र टोळ्या होत्या. तरीही ठरलेली प्रक्रिया बलाढ्याने स्वतःच ओलांडली की इतरांना धरण्यासारखे काही उरत नाही. १९९९मध्ये कोसोव्होसाठी जर्मन विमाने नाटोच्या हवाई हल्ल्यांत उतरली. सुरक्षा परिषदेची मंजुरी नव्हती. पण एकोणीस देशांचा एकत्रित निर्णय होता, बुंडेस्टागचे मतदान झाले होते आणि वांशिक हिंसाचार डोळ्यांसमोर घडत होता. कायद्याच्या दृष्टीने हे पाऊल वादग्रस्तच राहील. मात्र एकट्याने ठरवणे आणि आपल्या संसदेला व सहकाऱ्यांना उत्तर देऊन ठरवणे यांत अंतर आहे, हे या उदाहरणातून दिसते.

रणगाड्यांविना होणाऱ्या हस्तक्षेपाचे सर्वांत बोचरे उदाहरण ग्रीसचे आहे. सीमेला लागून नसला तरी चलन एक असल्याने तो जर्मनीचा शेजारीच होता. मे २०१०मध्ये त्याला ११० अब्ज युरोंचे पहिले कर्ज मिळाले आणि त्यातला मोठा भाग जुनी देणी फेडण्यात गेला. त्या देण्यांत फ्रेंच व जर्मन बँकांचीही होती. अटींमध्ये निवृत्तिवेतन, करांचे दर, कामगार कायदे आणि सरकारी मालमत्तेची विक्री असे सगळे आले. अर्थव्यवस्था सुमारे एक-चतुर्थांशाने आकसली आणि २०१३मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. ५ जुलै २०१५च्या सार्वमतात ६१ टक्के मतदारांनी अटी नाकारल्या. आठवड्याभरात जर्मन अर्थखात्याच्या टिपणात ग्रीसने पाच वर्षांसाठी युरो सोडण्याचा पर्याय मांडला गेला, आणि १३ जुलैच्या पहाटे ग्रीक सरकारने आणखी कडक अटी मान्य केल्या. हे निर्णय मुख्यतः युरोग्रुपमध्ये झाले. अर्थमंत्र्यांची ही बैठक युरोपीय करारातच अनौपचारिक म्हणून नोंदलेली आहे. तिथे मताचे वजन पैशाने ठरत होते आणि निर्णयावर दाद मागण्याची सरळ वाट नव्हती.

कर्ज देणाऱ्याला अटी घालण्याचा हक्क नाही का, ग्रीसने स्वतःचे आकडे लपवले नव्हते का, आणि सर्वांत कठोर भूमिका फिनलंड, स्लोव्हाकिया, लिथुआनियासारख्या छोट्या देशांची नव्हती का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ग्रीसच्या राज्यकर्त्यांचा दोष मोठा होता. ग्रीसहून गरीब असलेल्या स्लोव्हाकियाने पहिल्या कर्जात वाटा उचलायलाच नकार दिला होता आणि त्या देशाच्या करदात्याचा राग समजण्यासारखा आहे. पण अटी घालणे आणि दुसऱ्या देशाचे अंदाजपत्रक चालवणे यांत मर्यादा असावी लागते. अटींचा परिणाम कमी लेखल्याची कबुली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१३मध्ये दिली. ज्यांनी तो परिणाम सोसला त्यांना मात्र निर्णय फिरवता आला नाही. इथे १९५३ आठवावे लागते. त्या वर्षी २७ फेब्रुवारीच्या लंडन करारात जर्मनीचे जवळपास निम्मे परदेशी कर्ज माफ झाले आणि उरलेल्याची फेड देशाच्या कमाईच्या आवाक्यात ठेवली गेली. त्यावर सही करणाऱ्या धनकोंमध्ये ग्रीसही होता. जर्मन कब्जाच्या काळात उपासमार सोसलेल्या, दिस्तोमोत दोनशेहून अधिक गावकरी गमावलेल्या देशाने जर्मनीला उभे राहायला अवसर दिला होता. २०१५मध्ये तसा अवसर परत देण्याची संधी जर्मनीने दवडली, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेजाऱ्याचा घात करायला त्याच्या कारभारात शिरावेच लागते असे नाही; त्याच्या डोक्यावरून व्यवहार केला तरी पुरते. बाल्टिक समुद्राखालून रशियाचा वायू थेट जर्मनीत आणणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम वाहिनीचा करार २००५मध्ये झाला. युक्रेन आणि पोलंडला वगळून रशियाला वायू विकता आला तर त्यांच्यावर दबाव टाकणे त्याला सोपे जाईल, हे पोलंड आणि बाल्टिक देश सुरुवातीपासून सांगत होते. क्रिमिया बळकावल्यानंतर वर्षभराने, २०१५मध्ये, दुसऱ्या वाहिनीचा करार झाला आणि हा केवळ व्यापारी प्रकल्प आहे हे उत्तर बर्लिन देत राहिले. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाच्या सर्वंकष आक्रमणाच्या दोन दिवस आधी, तिची मंजुरी थांबवली गेली. छोट्यांचा इशारा खरा होता. तो ऐकून घेण्याचे बंधन कुणावर नव्हते, म्हणून ऐकला गेला नाही.

बांधलेली सत्ता दुबळी होते आणि आक्रमकाचे फावते, असा उलट आक्षेप आज जोरात आहे. पोलंडचे परराष्ट्रमंत्री सिकोर्स्की यांनी २०११मध्ये बर्लिनमध्येच सांगितले होते की आपल्याला जर्मन सत्तेपेक्षा जर्मन निष्क्रियतेची भीती अधिक वाटू लागली आहे. पण हे वाक्य एका पोलिश मंत्र्याला उच्चारता आले, हेच बांधणीचे फळ आहे. एकेकाळी निर्वाणीच्या इशाऱ्याने मेमेल गमावलेल्या लिथुआनियाने आज स्वतः बोलावून जर्मन ब्रिगेड आपल्या भूमीवर घेतली आहे. मे २०२५मध्ये व्हिल्नियसमध्ये तिचा औपचारिक समारंभ झाला आणि २०२७अखेर ती सुमारे पाच हजारांच्या बळाने उभी करण्याचा बेत आहे. बंधन पाळणाऱ्याच्या शक्तीवर शेजारी विश्वास टाकू शकतात. त्यामुळे बंधनाने शक्ती घटत नाही. तिचा उपयोग करता येण्याची जागा वाढते.

हा आढावा भारतीय वाचकासाठी परका नाही. दक्षिण आशियात बलाढ्य शेजारी आपणच आहोत. १९८७मध्ये श्रीलंकेत पाठवलेली शांतिसेना, २०१५मध्ये नवी घटना स्वीकारल्यावर नेपाळच्या सीमेवर झालेली नाकेबंदी आणि तिच्यामागे भारत असल्याचा नेपाळचा आरोप, जो भारताने फेटाळला, या गोष्टी काठमांडू आणि कोलंबोत अजून ताज्या आहेत. आपला हेतू वाईट नव्हता हे आपण सांगतो. पण हेतू तपासायची सामाईक जागा आपल्याकडे नाही. सार्कच्या सनदेने द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेबाहेर ठेवले आहेत, आणि नोव्हेंबर २०१४च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषदच झालेली नाही. याच प्रदेशात एक वेगळे उदाहरणही आहे. बंगालच्या उपसागरातल्या सागरी सीमेचा वाद बांगलादेशाने आंतरराष्ट्रीय लवादाकडे नेला. ७ जुलै २०१४च्या निवाड्याने वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४००हून अधिक बांगलादेशाला दिले आणि भारताने तो निवाडा मान्य केला. त्याने भारताचे काही बिघडले नाही. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांतला जमिनीवरच्या सीमेचा जुना गुंताही सुटला.

जर्मनीच्या इतिहासाने दिलेला धडा हाच आहे आणि तो कोणत्याही बलाढ्य देशाने स्वतःला लागू करून पाहावा. शेजाऱ्याविषयीच्या धोरणाची चर्चा होईल तेव्हा आपल्या सरकारला तीन प्रश्न विचारा: निर्णय झाला तेव्हा शेजारी खोलीत होता का, त्याला दाद मागण्याची जागा आहे का, आणि आपल्या संसदेने यावर मत दिले का? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर हेतू कितीही चांगला सांगितला गेला तरी त्या धोरणाला नागरिकांनी पाठिंबा देऊ नये.